डासाच्या पोटातली बातमी

दिवेलागणीची वेळ. कुकरची शेवटची शिट्टी व्हायची आहे, धाकट्याचा गृहपाठ अर्धा राहिला आहे, आणि अशात आरोग्य खात्याची दोन माणसं दारात उभी राहतात. एकाच्या हातात प्लास्टिकचा टब आणि झाकणाची बादली, दुसऱ्याच्या हातात छोटा पंखा बसवलेली पेटी. "वहिनी, आज रात्रीपुरता हा सापळा तुमच्या न्हाणीमागे ठेवू का? सकाळी घेऊन जातो. आम्हांला डास हवेत."

डास हवेत म्हटल्यावर कुठलीही बाई आधी हसेलच. "न्या की, हवे तेवढे न्या, वर पोतंभर देते," असंही म्हणेल. पण बादलीचं झाकण उघडून ते आंबलेल्या गवताचं पाणी टबात ओतलं गेलं, की पदर नाकाला जातो. आणि मग दुसरा विचार येतो, तो वासापेक्षा वाईट. आमच्याच घरी का? शेजारी काय म्हणतील? हत्तीरोगाची माणसं यांच्याकडे कशाला आली होती, असं कुणी विचारलं तर? घरात लग्नाची मुलगी असेल, तर हा विचार आणखी टोचतो.

त्या वासाच्या पाण्याविषयी आणि त्यात सापडणाऱ्या डासांविषयी आज जरा सविस्तर लिहायचं आहे. त्याचं कारण असं, की ज्या घरांत नाही म्हटलं जातं तिथून बातमी मिळत नाही. आणि बातमी न मिळता 'रोग गेला' असं ठरवलं, तर काय होतं याची उदाहरणं जगात घडून गेली आहेत.

आधी रोगाचं थोडं. हत्तीपाय आपल्याकडे नवा नाही. 'श्लीपद' या नावानं त्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. आपल्या महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातल्या बायकांना तो काही सांगायला नको. नांदेड-सोलापूरकडेही तो आहे. दोऱ्यासारखे बारीक जंत माणसाच्या लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे अंगातला पाणीदार रस वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये, घर करून राहतात. मादी जंत आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर त्याच्या निम्म्याच्याही आत. पाच-सात वर्षं ते तिथे सुखानं नांदतात. मादी लाखो सूक्ष्म पिल्लं सोडते आणि ती पिल्लं रक्तात फिरत असतात. डास चावला की रक्ताबरोबर पिल्लं त्याच्या पोटात जातात, दहा-चौदा दिवस त्याच्या अंगात वाढतात, आणि मग पुढच्या माणसाला तो चावला की तिकडे उतरतात. डासाच्या अंगात त्यांची संख्या वाढत नाही, फक्त वय वाढतं. आणि आपल्याकडच्या या जंताला माणसाशिवाय दुसरं घर नाही. गाय नाही, कुत्रं नाही, डुक्कर नाही. म्हणूनच हा रोग मुळासकट जाऊ शकतो असं जगभरच्या डॉक्टरांना वाटतं.

यात एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक घरात मोठ्यानं सांगायला हवी. ज्या आजींचा पाय सुजून खांबासारखा झाला आहे, त्यांच्या रक्तात बहुतेक वेळा ही पिल्लं सापडत नाहीत. त्यांच्या अंगातली लढाई कधीच होऊन गेलेली असते, पाय ही तिची राहिलेली खूण. रोग पसरतो तो धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडून, ज्याला ना ताप ना सूज, जो रोज सायकल मारत कामावर जातो आणि ज्याला स्वतःलाही काही ठाऊक नसतं. आणि आपण काय करतो? आजींचं अंथरूण वेगळं, आजींची ताट-वाटी वेगळी, सून त्यांच्या जवळ बाळ देत नाही. बिचाऱ्या आजींच्या जवळ बसून कुणालाच काही होणार नसतं.

बरं, मग धडधाकट माणसातला रोग ओळखायचा कसा? इथे या जंताची एक खोड आहे. दिवसा त्याची पिल्लं फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडी मारून बसतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या सुमाराला, हातापायांच्या रक्तात येतात. का, तर हा रोग नेणारा आपल्याकडचा क्युलेक्स डास रात्री चावतो. चोराची आणि गाडीची वेळ जमलेली! त्यामुळे हत्तीरोगाच्या पथकाला रात्री साडेआठनंतर घरोघर फिरावं लागतं. रात्र चिकित्सालय ही पाटी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, सुकवायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं शोधायची. आपल्या देशात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला, तेव्हापासून हेच चालत आलं आहे.

आता सांगा, रात्री साडेनऊला कुणी दार वाजवून "बोट पुढे करा" म्हटलं तर घरातून कोण पुढे येतं? म्हातारे येतात, फार तर शाळकरी पोरं येतात. सून आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. तरुण मुलगी झोपलेली असते, किंवा ती झोपली आहे असं आई सांगते. घरधनी रात्रपाळीला नाहीतर पानाच्या गादीवर. पथकातली माणसंही माणसंच, त्यांना शंभर घरं उरकायची असतात. अशा रीतीनं गावाचा हिशेब होतो तो उरलेल्यांच्या रक्तावर. हल्ली दिवसासुद्धा करता येणारी पट्टीची चाचणी आली आहे, तीत पिल्लांऐवजी मोठ्या जंतानं रक्तात सोडलेली खूण सापडते. हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर आपल्याच वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, कितीतरी वर्षं काम झालेलं आहे. पण पट्टी असो की काच, सुई टोचून घ्यायला माणूस तर समोर यायला हवा!

डासाला कुणी नाही म्हणू शकत नाही. तो परवानगी विचारत नाही, रजिस्टर उघडत नाही, आणि आतल्या खोलीत झोपलेल्या सुनेला सोडतही नाही. आळीतल्या प्रत्येकाच्या रक्ताचा नमुना त्यानं आधीच घेऊन ठेवलेला असतो. मग माणसाऐवजी डासच का तपासू नये? सगळी कल्पना एवढीच.

तशी ही कल्पना फार जुन्या पायावर उभी आहे. १८७२ साली टिमथी लुइस या डॉक्टरांनी आपल्या कलकत्त्यात रुग्णांच्या रक्तात ही पिल्लं पाहिली होती. ती पुढे जातात कुठे, हे कोडं पाच वर्षांनी चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी अर्धं सोडवलं. त्यांच्या बागेत काम करणाऱ्या हिन लो नावाच्या माळ्याच्या रक्तात पिल्लं होती. त्याला रात्री एका खोलीत झोपवून त्यांनी डासांना त्याचं रक्त पिऊ दिलं, आणि सकाळी त्या डासांची पोटं उघडून पाहिली, तर आत पिल्लं वाढू लागलेली! कुठलाही रोगजंतू कीटकाच्या अंगात वाढतो हे माणसाला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाचा डास पकडला तो त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ साली, आणि तोही याच मॅन्सनसाहेबांच्या सांगण्यावरून. (त्या माळ्याचं काय झालं, हे पुस्तकं काही सांगत नाहीत. रात्रभर डासांना अंग देणाऱ्याला इतिहासात तेवढीच एक ओळ.) मॅन्सन यांना वाटलं, डास पाण्यात पडून मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो. तसं नसून पिल्लं डासाच्या सोंडेतून उतरतात, हे १९०० साली लंडनमध्ये जॉर्ज लो यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या डासांचे बारीक काप करून दाखवलं.

तेव्हापासून डास चिरून बघणं चालू आहे. आपल्याकडे यासाठी कीटक समाहारक नावाचं पदच आहे. पहाटे विजेरी आणि तोंडानं ओढायची काचेची नळी घेऊन तो घरात येतो, खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली, देवघराच्या कोपऱ्यात बसलेले डास एकेक करून नळीत ओढतो. मग ते डास काचेवर ठेवून दोन सुयांनी उकलायचे आणि पाहायचं. गावात रोग पुष्कळ असेल तेव्हा हे जमतं. पण गोळ्या वाटून वाटून रोग जवळजवळ संपत आला असेल, तर हजार डास चिरावेत तेव्हा एखाद्यात काही दिसणार. डोळे आणि मान मोडून जाते, आणि तरी खात्री नाही.

ही अडचण नव्या सापळ्यानं आणि नव्या चाचणीनं दूर केली. सापळ्याची गंमत ऐका. डासांत चावते ती मादीच, हे आपण जाणतोच. रक्त पिऊन तिची अंडी पिकली की ती घाणेरडं, कुजकं पाणी शोधत निघते. क्युलेक्सला स्वच्छ पाणी रुचत नाही. तिला गटार हवं, संडासाची टाकी हवी, शोषखड्डा हवा. म्हणून गवत आंबवून तसंच पाणी तयार करतात आणि टबात ओततात. टबावर बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. बाई अंडी घालायला पाण्यावर उतरल्या, की पंखा त्यांना वर जाळीच्या पिशवीत ओढून घेतो. म्हणजे या सापळ्यात येते ती बहुतेक करून आधी कुणाचं तरी रक्त प्यालेली मादी. उगाच रिकाम्या पोटी फिरणारे डास गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. आणि कुणाच्या झोपायच्या खोलीत शिरावं लागत नाही, हे तर मला सगळ्यांत पटलं.

सकाळी पिशव्या प्रयोगशाळेत जातात. तिथे क्युलेक्स वेगळे निवडतात, तांदूळ निवडावेत तसे. मग वीस-पंचवीस डासांची एक पुडी, म्हणजे एकेका बारक्या नळीत तेवढे डास एकत्र घालतात, कुटतात आणि त्यातून जंताचा डीएनए शोधतात. २०२० साली कोरोनात नाकात काडी घालून जी पीसीआर व्हायची, तिचंच हे भावंड. पंचवीस डासांपैकी एकाच्याच पोटात एखादं पिल्लू असलं, तरी ती नळी 'आहे' म्हणून सांगते. शंभर नळ्या तपासल्या की अडीच हजार डासांची तपासणी झाली. किती नळ्या 'आहे' म्हणाल्या यावरून, शेकडा किती डासांत जंत असतील याचा हिशेब मांडतात. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, ही त्याच जातीची. फक्त एका शितावर भरवसा न ठेवता पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी शितं घेतात, म्हणून सापळे वस्तीभर वेगवेगळ्या घरी लावावे लागतात. तुमच्या घराची निवड झाली ती अशी. तुमच्याकडे कुणी आजारी आहे म्हणून नव्हे.

आणि आलेल्या डासांनी रक्त कुणाचं प्यालं होतं, हे त्या चाचणीत कळत नाही. तुमच्या न्हाणीमागे सापडलेली मादी दोन गल्ल्या पलीकडून उडत आलेली असू शकते. तेव्हा नळी 'आहे' म्हणाली तरी बोट कुठल्याच घराकडे दाखवता येत नाही. वस्तीकडे दाखवता येतं, आणि तेवढंच हवं असतं.

श्रीलंका आणि इजिप्त इथल्या अनुभवावरून क्युलेक्स असलेल्या मुलखासाठी एक रेघ सुचवली गेली आहे. शंभरात पाव, म्हणजे चारशे डासांत एक. त्याच्या खाली असेल तर रोगाचा प्रसार बहुधा आपोआप विझत जाईल, वर असेल तर राखेखाली निखारा आहे असं समजायचं.

आता हा निखारा कुणाला दिसला आणि कुणाला नाही, त्या दोन गोष्टी सांगते.

पहिली श्रीलंकेची. तिथे २००२ ते २००६ अशी पाच वर्षं घरोघर गोळ्या दिल्या. पाठीमागून सहा-सात वर्षांच्या शाळकरी मुलांची तपासणी झाली. गोळ्या थांबवाव्यात की नाही हे ठरवण्याची जगभरची रीत हीच. एवढ्या लहान मुलांत खूण सापडली नाही, म्हणजे मागच्या काही वर्षांत नव्यानं लागण झालेली नाही, असा तर्क. श्रीलंकेतले सगळे भाग त्यात पास झाले. पण नंतर डास तपासले तेव्हा गॉलच्या किनारपट्टीच्या डासांत जंताचा डीएनए त्या रेघेच्या वर निघाला! क्रिकेटमुळे आपल्या घरातल्या पुरुषांना तोंडपाठ असलेलं तेच गॉल. मुलं म्हणत होती गेला, डास म्हणत होते अजून नाही. तिथल्या लोकांनी डासांचं ऐकलं, त्या भागावर नजर ठेवली. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं श्रीलंकेतून हा रोग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपल्याचं मान्य केलं, आणि त्यानंतरही तिथे डास तपासणं सोडलेलं नाही.

दुसरी गोष्ट दूरच्या प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांची. तिथला डास निराळा, दिवसा चावणारा, नारळाच्या करवंट्यांत आणि डबड्यांत वाढणारा. पण जंत तोच. २००० ते २००६ गोळ्या दिल्या. २०११ साली बेटावरचे डास गोळा करून तपासले, तर गावोगावच्या डासांत जंताची खूण होती. त्याच सुमाराला शाळेतल्या मुलांची तपासणी झाली, ती मात्र पास. २०१५ ला पुन्हा मुलं पास. सगळे निर्धास्त. २०१६ च्या तपासणीत मुलं नापास झाली. रोग परतला होता. खरं तर तो गेलाच नव्हता, मोठ्या माणसांत शिल्लक होता आणि मोठी माणसं काही पहिलीच्या वर्गात बसत नाहीत. २०१८ साली तिथे पुन्हा सगळ्यांना गोळ्या द्यायला सुरुवात करावी लागली. डासांनी पाच वर्षं आधी सांगितलं होतं.

मधल्या त्या पाच वर्षांत कितीजणांना लागण झाली असेल, आणि त्यांतल्या कितीजणींचा पाय आणखी दहा वर्षांनी सुजू लागेल, याचा हिशेब कुणी मांडणार नाही. मला राहून राहून तेच वाटतं.

अर्थात, डासावर सगळाच भार टाकू नये. त्याच्या पोटात जंताचा डीएनए सापडला म्हणजे तो डास रोग देणारच असं नाही. प्यालेली पिल्लं आत मरून गेलेली असतील तरी चाचणी 'आहे' म्हणते. चाचणीनं एवढंच कळतं, की आसपास कुणाच्या तरी रक्तात पिल्लं आहेत. शिवाय डास पुरेसे मिळायला हवेत, चांगली प्रयोगशाळा हवी, आणि पैसा लागतोच. म्हणून मुलांची तपासणी, रात्रीचं रक्त आणि डास यांना एकमेकांची साक्ष म्हणून वापरायचं, असं जाणकार मानतात. आपल्या देशात पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रानं (ते १९७५ साली निघालं) दक्षिणेकडच्या गावांत अशा सापळ्यांवर आणि चाचण्यांवर पुष्कळ काम केलं आहे.

आपल्याकडे हा सगळा खटाटोप कशाशी जोडलेला आहे, तर गोळ्यांशी. २००४ पासून हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा सगळ्यांना डीईसी देण्याची मोहीम सुरू झाली, पुढे सगळीकडे त्याच्या जोडीला अल्बेंडाझोल आलं. २०१८-१९ च्या सुमारास देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषध त्यात घातलं, त्यांत आपलं नागपूर होतं. २०२७ पर्यंत देशातून हा रोग हटवायचा असं सरकारनं ठरवलं आहे. गोळी रक्तातली पिल्लं मारते. मोठा जंत मात्र गोळीनं सहज मरत नाही, तो म्हातारा होऊन मरेपर्यंत दरवर्षी पिल्लं मारत राहायची. म्हणून पाच-पाच वर्षं गोळ्या. आणि त्यासाठी गावातल्या शंभरांपैकी निदान पासष्ट जणांच्या पोटात गोळी जायला हवी. हातात नव्हे, पोटात.

इथेच खरी मेख आहे. आशाताई दुपारी येते. घरात असतो आपण.

"काकू, माझ्यासमोर गिळा बरं गोळ्या."

"अगं, ठेव तिथे. जेवण व्हायचंय माझं. आणि ह्यांच्यासाठी पण ठेव, संध्याकाळी आले की देते."

आशाताई भिडेची. ती रजिस्टरात खूण करून पुढच्या घरी जाते. गोळ्या फ्रिजवरच्या टोपलीत, नाहीतर देवघरातल्या हळदकुंकवाच्या डबीशेजारी. संध्याकाळी हे येतात. "मला काय धाड भरलीय? धडधाकट माणसानं औषध कशाला घ्यायचं?" असं म्हणतात. झालं! कागदावर तुमच्या घरातल्या पाचही जणांनी गोळ्या घेतल्या, पोटात एकाच्याही गेल्या नाहीत. रजिस्टर म्हणतं शंभर टक्के. रात्री डास येतो आणि त्याचा हिशेब वेगळा निघतो. डासांची तपासणी ही एका परीनं आपल्या टोपलीतल्या गोळ्यांची तपासणी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

गोळीनंतर कुणाला डोकं दुखतं, अंग मोडून येतं, कणकण वाटते. त्याला लोक भितात. बहुतेक वेळा हा त्रास रक्तातली पिल्लं मरताना होतो. ज्याच्या अंगात ती जास्त त्याला त्रास जास्त. म्हणजे त्रास झाला तर गोळी त्याला हवीच होती. रिकाम्या पोटी घेऊ नयेत, जेवून घ्याव्यात. गरोदर बाईला, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आणि फार आजारी माणसाला देत नाहीत. तिसरं औषध असेल तर पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला ते वगळतात. नवऱ्याला कसं पटवायचं हे मी काय सांगू! पण ताटात पहिली पोळी वाढण्याआधी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवावा, पोळी मागून, हा उपाय पुष्कळ घरांत चालून जावा.

सापळा ठेवायला कुणी आलं, तर एका रात्रीचा प्रश्न असतो. त्यांचं ओळखपत्र पाहा, हवं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईकडे चौकशी करा, त्यात गैर काही नाही. सापळ्याला आडोशाची, सावलीची, वारा न लागणारी जागा लागते. न्हाणीमागची किंवा गटाराजवळची उत्तम. त्या रात्री त्याच्या आसपास डासांची अगरबत्ती, धूर, फिनेल काही नको. पाणी ओतून देऊ नका, वास आला म्हणून डेटॉलही टाकू नका. तो वास हेच त्याचं आमिष. पंख्याचं बटण मुलांनी दाबू नये, कोंबड्या-शेळ्या जवळ जाऊ नयेत. मुंग्यांकडेही लक्ष असू द्या, पिशवीतले डास त्या सकाळपर्यंत फस्त करतात. आणि सकाळी माणसं आली, की टबातलं पाणी त्यांनाच न्यायला किंवा नीट फेकायला सांगा. तसंच राहिलं तर आठ-दहा दिवसांत त्यातून तुमच्याच घरात नवे डास निघतील.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी आरोग्य केंद्रात जाणं झालं तर विचारा, "आमच्या वस्तीतल्या डासांचं काय निघालं?" महिला मंडळाच्या बैठकीत विचारलंत तर अधिक बरं, उत्तर सगळ्यांपुढे द्यावं लागतं. आपण डास दिले, तेव्हा बातमी मागण्याचा हक्क आपला आहे. 'आहे' असं उत्तर आलं, तर त्या वर्षीच्या गोळ्या आळीतल्या प्रत्येक घरात खरोखर गिळल्या जातात का, हे पाहण्याचं काम मंडळानं अंगावर घ्यायला हरकत नाही. आशाताई एकटी किती दारांशी भांडेल?

राहता राहिलं डासांचं मूळ. शहरात आणि तालुक्याच्या गावी क्युलेक्स डासांचं मोठं माहेर म्हणजे आपल्याच संडासाची टाकी. गच्चीपर्यंत जाणारा तिचा तो वायूचा पाइप असतो ना, त्यातून त्या खाली जातात, अंडी घालतात आणि शेकड्यांनी पिल्लावळ त्याच वाटेनं वर येते. टाकीत एक अंड्यांचा तराफा शंभराच्या वर अंड्यांचा. बाहेरचं डबकं बुजवून काय होणार! पाइपाच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधली, की वायू बाहेर जातो आणि डास आतबाहेर करू शकत नाही. टाकीच्या झाकणाची फट सिमेंटनं बुजवून घ्यावी, ती विसरली तर जाळी फुकट. आफ्रिकेतल्या झांझिबारच्या मकुंडुची गावी तर १९८८ साली संडासांच्या पाणी साचलेल्या खड्ड्यांत थर्माकोलच्या बारीक मण्यांचा थर ओतला होता. डासाच्या अळीला श्वासासाठी पाण्याच्या वर यावं लागतं, ती वाटच बंद. जोडीला लोकांना डीईसी दिलं, आणि डास नि रोग दोन्ही वेगानं उतरले.

मणी आपल्याला मिळोत न मिळोत, जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चार बोटं व्यासाच्या पाइपाला वीतभर चौकोन पुरतो. सुतळी कुजते, म्हणून तार किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी वापरावी, आणि जाळी फार ताणू नये, चटकन फाटते. गच्चीवर वाळवणं घालायला जाल तेव्हा एकदा पाइपाकडे मान वर करून पाहावं. उन्हानं नायलॉन विरतो. साधारण वर्षाला एकदा, पावसाळ्याआधी, ती बदलावी लागते.